एका बादलीचा हिशेब : हिवाळ्यातील गरम पाणी, घरातील ऊब आणि विजेचे मीटर

थंड देशांत हिवाळ्यात संपूर्ण घर गरम ठेवावे लागते, आणि तेथील घरखर्चाचा मोठा वाटा त्यावर जातो. महाराष्ट्रात आपण घर क्वचितच तापवतो. आपण पाणी तापवतो. निफाडचा पारा ज्या दिवसांत पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, त्या दिवसांतही नाशिक परिसरातील बहुतेक घरांत भिंती थंडच असतात आणि ऊब मिळते ती सकाळच्या अंघोळीच्या बादलीतून. म्हणूनच पंखे बंद, कूलर माळ्यावर आणि फ्रिजवरचा भारही कमी असूनही डिसेंबर-जानेवारीचे वीजबिल नोव्हेंबरपेक्षा जास्त आलेले पाहून अनेकांना कोडे पडते. ते कोडे घरच्या घरी सोडवता येते. त्यासाठी एक बादली, पाण्याचे तापमान दाखवणारा एक साधा तापमापक आणि जिन्याखालचे आपले मीटर एवढेच साहित्य लागते. ताप पाहण्याचा तापमापक मात्र येथे उपयोगाचा नाही, कारण तो साधारण ३५ अंशांच्या खालचे काहीच दाखवत नाही. स्वयंपाकासाठी किंवा मत्स्यालयासाठी मिळणारा घ्यावा.

प्रथम बादलीचा हिशेब समजून घेऊ, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेच्या एका युनिटमधून, म्हणजे हजार वॅटचे उपकरण तासभर चालवायला लागणाऱ्या विजेतून, ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. आपली नेहमीची मोठी बादली वीस लिटरची धरली, हिवाळ्यातील पहाटेचे नळाचे पाणी १८ अंशांचे धरले आणि अंघोळीला ४२ अंशांचे पाणी हवे असे मानले, तर तापमान २४ अंशांनी वाढवावे लागते. वीस गुणिले चोवीस म्हणजे ४८० किलोकॅलरी; तिला ८६० ने भागले की सुमारे ०.५६ युनिट येते. टाकीतून आणि नळीतून वाया जाणारी थोडी उष्णता धरून एका बादलीला ०.६ युनिट हा आकडा लक्षात ठेवावा. चार माणसांच्या घरात दररोज चार बादल्या म्हणजे २.४ युनिट, आणि महिन्याला सुमारे ७२ युनिट झाले. शॉवरखाली अंघोळ करणाऱ्यांनी शॉवरखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते ते एकदा घड्याळ लावून पाहावे. मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली सात मिनिटे उभे राहिले, तर तीन बादल्यांइतके पाणी खर्च होते.

आता हे ७२ युनिट बिलात कोठे जाऊन बसतात ते पाहणे महत्त्वाचे आहे. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिट या पायऱ्या आहेत आणि पुढच्या पायरीवरील युनिट आधीच्या पायरीपेक्षा महाग असते. घरातील दिवे, फ्रिज आणि टीव्ही यांची वीज वर्षभर लागतेच. हिवाळ्यातील गरम पाणी तिच्यावर येऊन पडते, म्हणजेच ते सर्वांत वरच्या पायरीवर मोजले जाते. एरवी २६० युनिट वापरणारे घर पाणी तापवू लागताच ३३२ वर जाते आणि शेवटची ३२ युनिट पुढच्या दराने आकारली जातात. म्हणून एकूण रकमेला एकूण युनिटने भागून काढलेला सरासरी दर येथे दिशाभूल करतो. आपल्याला हवा असतो तो शेवटच्या युनिटचा दर : बिलाच्या मागील दरपत्रकातील आपल्या पायरीचा वीज आकार, त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार असल्यास तोही, आणि त्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार यात धरू नये, कारण पाणी तापवले किंवा न तापवले तरी तो द्यावाच लागतो. हा एक आकडा काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

मीटर कसे वाचावे

बिल महिन्याने येते, मीटर मात्र क्षणोक्षणी सांगत असते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुकी हे छापलेले असते. पुष्कळ घरगुती मीटरवर हा आकडा ३२०० असतो. आपल्या मीटरवर ३२०० असेल, तर एका मिनिटातील लुकलुकी मोजून त्यांना १८.७५ ने गुणले की घरात त्या क्षणी किती वॅट वीज वापरली जात आहे ते कळते. आकडा १६०० असेल तर ३७.५ ने गुणावे.

हा प्रयोग दोन टप्प्यांत करावा. आधी आपण रोज चालू-बंद करतो ती घरातील सर्व बटणे बंद करून, फ्रिजचेही बटण पाच मिनिटांपुरते बंद ठेवून, मीटरपाशी जाऊन एक मिनिट पूर्ण मोजावे. काहीच चालू नसताना दिवा अजिबात लुकलुकू नये अशी आपली अपेक्षा असते, पण राउटर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर आणि भिंतीवर कायम लावलेले चार्जर आपापला वाटा घेतच असतात. मिनिटाला दोन लुकलुकी दिसल्या तर ते साडेसदतीस वॅट झाले. ऐकायला किरकोळ वाटतात, परंतु दिवसाचे चोवीस तास चालू राहिल्याने महिन्याला त्यांची २७ युनिट होतात, म्हणजे वर काढलेल्या अंघोळींच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. त्यानंतर फक्त गीझर चालू करून पंधरा सेकंद मोजावे. दोन हजार वॅटचा गीझर असेल तर त्या पंधरा सेकंदांत सुमारे २७ लुकलुकी दिसतील. गीझर बंद केला आहे असे समजून आपण मोजतो आणि तरीही दिवा भराभर लुकलुकतो, असेही घडते. अशा वेळी बाथरूमबाहेरच्या बटणांपैकी भलतेच बटण कोणी तरी चालू ठेवलेले सापडते. मीटर इमारतीच्या तळाशी असेल तर एकाने वर बटणे सांभाळावीत आणि दुसऱ्याने खाली मोजावे. दहावीच्या मुलांना हे काम द्यायला हरकत नाही, विज्ञानाच्या पुस्तकातील युनिटची व्याख्या त्यांना आयुष्यभर लक्षात राहील.

बिल हाती आल्यावर चालू रीडिंग आणि मागील रीडिंग यांतील फरक आपल्या वहीतील नोंदीशी ताडून पाहावा. दर रविवारी एकाच वेळी रीडिंग लिहिण्याची सवय लागली, तर कोणत्या आठवड्यात वापर वाढला आणि त्या आठवड्यात घरात काय वेगळे घडले, हे आपोआप समोर येते.

गीझर

पंधरा लिटरच्या, दोन हजार वॅटच्या गीझरमधील १८ अंशांचे पाणी ५५ अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.६५ युनिट लागते आणि त्याला वीस मिनिटे पुरतात. म्हणजे पहाटे पाचला बटण दाबून सातला अंघोळीला जाण्यात काहीच अर्थ नाही. पाणी तापल्यावर थर्मोस्टॅट वीज तोडतो हे खरे, परंतु टाकी हळूहळू निवत राहते आणि तेवढी उष्णता भरून काढण्यासाठी तो पुन्हा पुन्हा चालू होतो. आमच्या घरी पंचवीस लिटरचा जुना गीझर होता. एका रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत त्याचा नळ न उघडता तो चालू ठेवून मी मीटरवर नोंद घेतली, तेव्हा फ्रिज वगैरेंचा नेहमीचा वापर वजा करून सुमारे ०.४ युनिट निव्वळ टाकी गरम ठेवण्यात गेले होते. एकाही माणसाची अंघोळ न होता पाऊण बादलीच्या आसपास ऊब भिंतीला देऊन टाकली होती. ऊर्जा दक्षता ब्यूरोची तारांकने गीझरच्या नेमक्या याच गळतीवर दिलेली असतात. पाणी तापवण्याच्या मूळ कामात एक तारा आणि पाच तारे यांत फारसा फरक नसतो. टाकी ऊब किती काळ धरून ठेवते यात फरक असतो. त्यामुळे ज्या घरात गीझर दिवसभर चालू राहतो तेथे जास्त ताऱ्यांचा गीझर पैसे वाचवतो, आणि जेथे तो वीस मिनिटे चालवून बंद केला जातो तेथे ताऱ्यांपेक्षा शिस्त जास्त वाचवते.

विसणाविषयीही एक गैरसमज दूर करावासा वाटतो. कढत पाण्यात विसण घालणे म्हणजे आधी उगाच तापवलेली ऊर्जा वाया घालवणे, असे बरेच जण मानतात. वास्तविक ५५ अंशांच्या पाण्यात विसण घालून ४२ अंशांची बादली केली काय आणि थेट ४२ अंशांपर्यंत तापवले काय, बादलीत गेलेली उष्णता तेवढीच असते. नुकसान होते ते ते कढत पाणी टाकीत वाट पाहत राहिल्याने, कारण टाकी आणि हवा यांच्या तापमानातील अंतर जितके अधिक तितकी गळती अधिक. म्हणून थर्मोस्टॅटची चकती शेवटच्या खुणेवर न ठेवता ५० ते ५५ अंशांच्या दरम्यान ठेवावी. त्याहून फार खालीही नेऊ नये, कारण कोमट पाणी दिवसच्या दिवस टाकीत साठून राहिले तर त्यात जंतू वाढू शकतात. घरातल्यांनी एकामागोमाग एक अंघोळ उरकली तर वाट पाहणारे पाणीच उरत नाही, आणि हा उपाय फुकट आहे. बाथरूम एक आणि माणसे पाच असलेल्या घरांत तो पाळणे कठीण जाते, हे मी जाणतो; तरी दोन-दोन जणांच्या अंघोळी जोडून घेतल्या तरी फरक पडतो.

बोअरवेलच्या जड पाण्यामुळे गीझरमधील कॉइलवर पांढरा थर बसतो आणि त्यामुळे बिल वाढते असे सांगितले जाते. कॉइल पाण्यात बुडालेली असल्याने तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, त्यामुळे बिलावर त्याचा परिणाम थोडाच असतो. खरा धोका निराळा आहे : थराखाली कॉइल प्रमाणाबाहेर तापते, तिचे आवरण तडकते आणि वीज पाण्यात उतरू शकते. म्हणून जड पाण्याच्या गावात दोन वर्षांतून एकदा तरी गीझर उघडून स्वच्छ करून घ्यावा, आतील मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास बदलावी, आणि विजेची गळती होताच तीस मिलिअँपिअरला वीज तोडणारे संरक्षक यंत्र घराच्या मुख्य पेटीत बसवलेले आहे ना, याची खात्री करावी. अर्थिंग तपासल्याशिवाय गीझर लावूच नये.

पाणी तापवण्याचा रॉड हा गीझरइतकीच वीज घेतो. बादलीमागचा हिशेब तोच राहतो, कारण तापायचे पाणीही तेच असते. उलट फक्त हवे तेवढेच पाणी तापत असल्याने रॉड किंचित काटकसरीचा ठरतो. पण त्याची किंमत धोक्यात मोजावी लागते. पंधराशे वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर प्रवाह घेतो, आणि मोबाइलच्या चार्जरसाठी असलेला लहान सॉकेट सहा अँपिअरचाच असतो. आमच्याच घरी अशा सॉकेटमध्ये रॉड लावल्याने पिनेचे पाय काळे पडले आणि प्लास्टिक वितळल्याचा वास आल्यावर आम्हाला कळले. रॉड सोळा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमध्येच लावावा, धातूची बादली टाळावी, पाणी तापले का हे पाहण्यासाठी बटण चालू असताना बोट कधीही घालू नये, आणि पिन काढून थोडे थांबल्यावरच रॉड पाण्याबाहेर काढावा. घरात लहान मूल असेल तर रॉड वापरू नये असेच माझे मत आहे.

एक साधा उपाय मात्र गीझर असो की रॉड, दोहोंना लागू पडतो. पहाटेचे पाणी सर्वांत थंड असते, कारण गच्चीवरची टाकी रात्रभर उघड्या आकाशाखाली निवत असते. दुपारी त्याच नळाचे पाणी २८ अंशांच्या आसपास मिळाले तर तेच पाणी बादलीत भरून, झाकण घट्ट लावून, बाथरूमऐवजी घराच्या आत ठेवावे. सकाळी ते पाच-सहा अंशांनी जरी उबदार राहिले, तरी रॉडने तापवताना बादलीमागे ०.१३ युनिटच्या आसपास वाचते; गीझर असेल तर तेच पाणी विसण म्हणून वापरावे. झाकणाचा आग्रह डासांसाठी आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

गॅस

गॅस स्वस्त की वीज, याचे कायमचे उत्तर नाही, कारण दोन्हींचे दर बदलतात. मात्र तुलनेची रीत कायम राहते. एक किलो स्वयंपाकाच्या गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. गॅस गीझर तिच्यापैकी साधारण ८० टक्के पाण्याला देतो असे धरले, तर एका बादलीला सुमारे ५५ ग्रॅम गॅस लागतो आणि १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये २५८ बादल्या तापतात. तेवढ्याच बादल्यांना वीज सुमारे १५५ युनिट लागली असती. म्हणून सिलिंडरच्या आजच्या किमतीला १५५ ने भागावे. उत्तर आपल्या शेवटच्या युनिटच्या दरापेक्षा कमी आले तर गॅस स्वस्त, जास्त आले तर वीज स्वस्त. समजा सिलिंडर ९०० रुपयांचा आहे, तर उत्तर ५ रुपये ८० पैसे येते. शेगडीवर पातेल्यात पाणी तापवणाऱ्यांची बरीच ज्योत पातेल्याच्या कडेने निसटते, म्हणून त्यांनी १५५ ऐवजी १२५ ने भागावे, आणि पातेल्यावर झाकण ठेवावे.

पैशाचा हिशेब काहीही येवो, गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवू नये. बंद बाथरूममध्ये तो हवेतील प्राणवायू वापरत जातो आणि ज्वलन अपुरे राहिले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधील गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोके जड होणे, मळमळणे, पायांतील बळ जाणे ही त्याची लक्षणे अंघोळीच्या वाफेत सहज दुर्लक्षित होतात आणि माणूस कडी उघडण्यापूर्वीच कोसळतो. महाराष्ट्रातील शहरांत अशा मृत्यूंच्या बातम्या येत राहतात आणि त्यातील प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा असतो. गीझर बाहेर हवेशीर जागी, बाल्कनीत किंवा उघड्या डक्टच्या बाजूला बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत आणावी. बाथरूममध्ये एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून गीझर आत चालेल असे कोणी सांगितल्यास ऐकू नये. तो पंखा जळलेला वायू धुराड्यातून उलटा आतही ओढू शकतो.

सूर्य आणि बंब

गच्चीवरचा सौर बंब चांगला चालणाऱ्या इमारतींतही खालच्या मजल्यावरील लोक तक्रार करतात की गरम पाणी येईपर्यंत अर्धी बादली थंड पाणी सोडून द्यावे लागते. तक्रार खरी असते आणि तिचे कारण नळीत असते. पाऊण इंची नळीच्या एका मीटरमध्ये साधारण ३०० मिलिलिटर पाणी राहते. गच्चीपासून बाथरूमपर्यंत वीस मीटर नळी असेल तर सहा लिटर पाणी रात्रभरात निवलेले असते. नळीवर जाड आवरण चढवल्याने रात्रभराचे निवणे थांबत नाही, परंतु सकाळी एका कुटुंबानंतर दुसऱ्याची अंघोळ होईपर्यंत नळी उबदार राहते. म्हणून एकाच उभ्या नळीवरील घरांनी वेळ ठरवून घेतल्यास सर्वांचेच पाणी वाचते. पहिले थंड पाणी कपड्यांच्या बादलीत घ्यावे.

सौर टाकीत ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल असते. ती रात्री चालू ठेवणे ही फार सामान्य चूक आहे. संध्याकाळी कॉइलने तापवलेले पाणी रात्रभर निवते, आणि सकाळी जेवढे उरते तेवढे टाकीत उबदारच राहिल्याने दुसऱ्या दिवशी उन्हाला करायला कमी काम उरते. कॉइल केवळ पहाटे, अंघोळीच्या तासभर आधी, आणि आदल्या दिवशी ऊन नव्हते तरच चालू करावी. पुण्यात सौर यंत्रणा बसवलेल्या मिळकतींना मिळकतकरात सवलत मिळते. आपल्या नगरपालिकेत अशी सोय आहे का हे विचारून घ्यावे.

खेड्यांत आणि जुन्या वाड्यांत तांब्याचा बंब अजून वापरात आहे. मधल्या नळीत जाळ आणि तिच्या चहूबाजूंनी पाणी, ही रचना चुलीवरच्या हंड्यापेक्षा कितीतरी चांगली, कारण ज्वाळेची उष्णता सर्व बाजूंनी पाण्यातच जाते. बंबफोड, करवंट्या, तुराट्या, पऱ्हाट्या जे शेतात-परसात सहज मिळते ते वाळवून वापरावे. ओल्या लाकडाची बरीच उष्णता स्वतःचेच पाणी सुकवण्यात जाते आणि धूर होतो. बंब अंगणात किंवा पडवीत पेटवावा. बंद न्हाणीघरात बंब पेटवणे आणि गॅस गीझर आत बसवणे यांत धोक्याच्या दृष्टीने काहीही अंतर नाही.

खोलीची ऊब

खोली तापवण्याची वेळ आपल्याकडे वर्षातून मोजके दिवस येते, पण ती खर्चिक असते. दोन हजार वॅटचा हीटर रात्री चार तास चालला तर आठ युनिट होतात. महिनाभर तसे केल्यास २४०, म्हणजे चार माणसांच्या अंघोळींच्या तिपटीहून अधिक. हॅलोजन, ब्लोअर, तेल भरलेला रेडिएटर यांपैकी कोणताही घेतला तरी एका युनिटमागे उष्णता तेवढीच मिळते, त्यामुळे ‘कमी वीज खाणारा हीटर’ या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. जो कमी वीज घेतो तो ऊबही तेवढीच कमी देतो. अपवाद एकच आहे : गरम हवा देण्याची सोय असलेला इन्व्हर्टर एसी बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणतो, आणि आपल्या सौम्य थंडीत एका युनिटमागे जवळजवळ तीन युनिटची ऊब देतो. नुसता थंड करणारा एसी हे काम करू शकत नाही.

आपली घरे वारा खेळावा म्हणून बांधलेली असतात, त्यामुळे खोली तापवणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होते. खोलीऐवजी माणूस उबदार ठेवावा. दुपारी दक्षिणेच्या खिडक्या उघडून ऊन आत घ्यावे, चारच्या सुमारास त्या बंद कराव्यात, फरशीवर सतरंजी टाकावी, आणि अंथरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून वर गोधडी घ्यावी. वृद्धांसाठी विजेचे ब्लँकेट चांगले. ते शंभर वॅटच्या आसपास वीज घेते आणि झोपण्यापूर्वी अर्धा तास लावून बंद केले तरी पुरते.

बाळंतिणीच्या खोलीविषयी मात्र सविस्तर सांगणे भाग आहे. शेक-शेगडीची आणि ओव्याच्या धुरीची पद्धत अनेक घरांत आजही पाळली जाते, आणि थंडीत ती शेगडी रात्रभर खोलीत, खाटेखाली, खिडक्या लावून ठेवली जाते. निखाऱ्यांतून ज्वाळा किंवा धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो, आणि तान्ह्या बाळाला तो मोठ्यांच्या आधी बाधतो. शेक द्यायचाच असेल तर निखारे अंगणात पूर्ण फुलवून मग शेगडी आत आणावी, समोरासमोरची खिडकी आणि दार उघडे ठेवावे, शेक होताच शेगडी बाहेर नेऊन निखाऱ्यांवर पाणी ओतावे, आणि बाळाला त्या वेळेपुरते दुसऱ्या खोलीत ठेवावे. रात्रीच्या उबेसाठी तेलाचा रेडिएटर सर्वांत कमी मात्रेवर, पडदे आणि दुपट्यांपासून दूर ठेवून चालवला, तर सहाशे-आठशे वॅटच्या हिशेबाने आठ तासांत पाच-सहा युनिट लागतात. घरात मूल आले आहे त्या एका महिन्यात हा खर्च बिनदिक्कत करावा.